मालू आता माझ्याकडे

प्रिय मिखाल,

शमुएलमामा इस्रायलला, तुझ्या अश्दोदला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू हसली असतीस आणि मी विषय बदलला असता.

इथून जाताना तू तुझी मालू, तो परदेशी जातीचा छोटा अजगर, खांदा कॉलनीत कादंबरीकडे ठेवलीस. कादंबरी तुझी मैत्रीण, मान्य. पण मला एका शब्दानं विचारलं नाहीस. आईला सापाची भीती वाटते, हे तू परस्पर ठरवलंस. वाटतेच. तरी विचारायचं होतंस. मग बाजारात कादंबरी भेटली की हातातली मेथीची जुडी तशीच धरून सांगायची, "आंटी, काल मालूला बघायला मिखालनं व्हिडिओ कॉल केला, तासभर बोललो!" आणि मला? शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या आधी घाईघाईत, बरी आहेस ना, गोळ्या घेतल्यास ना, चल ठेवते. एकदा तर तिला लांबून पाहिलं आणि मी मागच्या गल्लीनं घरी आले.

मागच्या महिन्यात कादंबरीची सासू आजारी पडली, तिला साताऱ्याला जावं लागलं. मालूला कुठे ठेवायचं, म्हणून ती रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "आण माझ्याकडे." ही संधी मी सोडणार नव्हते. पेटी तिनंच मांडून दिली. "आंटी, या बाजूला खाली गरम चटई आहे, ती बाजू गार राहू दे. मालूला हवं तिथे ती जाईल. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर ती घाबरते. आणि झाकणाची खिटी रोज तपासा." तिला आत शिरता यावं म्हणून मी कडा फोडलेल्या दोन कुंड्या उपड्या ठेवल्या. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून, चिमट्यानं धरून भरवायचा. दूध-मटणाची भांडी वेगळी ठेवणाऱ्या आपल्या ज्यू घरात फ्रीजमध्ये उंदीर! पप्पा असते तर आपटा गावी तुझ्या आत्याकडे निघून गेले असते.

थोड्याच दिवसांत मालूनं खाणं सोडलं. डोळे दुधासारखे पांढरट झाले. कादंबरीला विचारायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून तुला फोन केला. तू म्हणालीस, "आई, घाबरू नकोस, कात टाकणार आहे. पेटीत ओल्या शेवाळाचा डबा ठेव आणि तिला उचलू नकोस." मग रोज संध्याकाळी तू व्हिडिओ कॉल करू लागलीस. अखंड कात निघाली त्या दिवशी आपण दोघी आनंदानं ओरडलो. तू तुझ्या ऑफिसातल्या बाईच्या कुरबुरी सांगितल्यास, तुझ्या खिडकीतला समुद्र दाखवलास. मी काय जेवले तेही विचारलंस. कितीतरी दिवसांनी.

काल कादंबरी परत आली, मालूला न्यायला रिक्षा थांबवून. बिचारीनं माझ्यासाठी कंदी पेढे आणलेले. मी दारातच म्हटलं, "मालू आता इथं रुळलीय, तिला हलवायचं नाही." ते खोटं होतं. कादंबरी पेढे माझ्या हातात देऊन त्याच रिक्षानं रिकाम्या हातानं परत गेली. ती तुला फोन करेलच, कदाचित केलाही असेल; तरी खरं काय ते माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलंय. मला तिचा हेवा वाटतो, मिखाल. सापामुळे का होईना, माझी मुलगी माझ्या वाट्याला येते, ती मी परत देणार नाही. कादंबरीची समजूत तूच घाल. फोन करशील तेव्हा आधी मालूला बघ, माझी हरकत नाही. फक्त ती दिसली की लगेच फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आई