तुज्या जावयाच्या नावाचा पासवर्ड

आये, तू गेलीस तवा आपल्या कुंडलात एकच फोन हुता, त्यो बी पंचायतीत. आता तुजी लेक इस्लामपुरात कॉम्प्युटरवर बसती. हसू नगंस. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना आमची संस्था लपवून ठिवती. कोन कुठं हाय, समदं त्या कॉम्प्युटरात. सांगलीच्या मॅडमनी ते कुलपात घातलंया, इन्क्रिप्शन म्हंत्यात. पासवर्ड टाकला तर पत्ता दिसतो, न्हाईतर नुसता अक्षरांचा चिवडा. एका बाईचं पान बघितलं की दुसऱ्या पानासाठी परत पासवर्ड मागतंय, एवढं खट्याळ. मॅडम म्हनाल्या, "मावशी, लांबलचक ठिवा, इसरणार न्हाई असा. आनि दर तीन म्हैन्यांनी बदला."

मला तुजी चूल आठवली. लग्नाआधी पंधरा दिस भाकरी थापत तू माज्याकडनं उखाणा घोकून घेत हुतीस, चुकले की फुकणी पाठीत. 'द्राक्षाच्या येलीला तारंचा आधार', मग तुज्या जावयाचं नाव, मग 'सोडती म्हायेरचं दार'. त्योच पासवर्ड ठिवला. हे गेल्यापास्नं मला कोन नाव घे म्हनत न्हाई गं. विधवेला उखाणा कोन इचारतंय? त्या मशिनीला काय ठावं न्हाई. ती रोज सकाळी इचारती, मी रोज नाव घेती. तीन म्हैनं झालं, तीन वर्सं झाली, बदलायचा धीर झाला न्हाई.

मंगळवारी थोरली चुलत जाऊ आली, संगं तिचा ल्योक. त्याची बायको आमीच तासगावात, बेदाण्याच्या शेडवर कामाला लावून लपवलीया. गेल्या साली तिचा हात मोडलावता त्यानं. मी तोंडावर काय दाखवलं न्हाई. त्यो मांजरावानी गप बसलाय, डोळं कॉम्प्युटरवर.

"काकी, एवढ्या मशिनीची चावी कुटं ठिवता?"

"कमरंला खवलीया."

"आवं, खरं सांगा की."

आनि माज्या जिभंला खाज सुटली. "तुज्या काकाचं नाव घेतल्याबिगर उघडत न्हाई रं ती!"

जाऊ मांडीवर थाप मारून हसली. "अगं बया, तुजा उखाणा अजून पाठ हाय मला!" म्हनली आनि सबंद म्हनून दाखवला, हेल काढून, नावासकट. मी बी हसले. हसत हसतच चहा ठिवाय आत गेले.

कप घिऊन आले तर त्यो माज्या खुर्चीत. समोर तासगावचा पत्ता. उठला बी सावकाश. "चहा ऱ्हाऊ द्या काकी, उशीर हुतोय." जाऊ फरशीकडं बघत हुती.

मॅडमला लगोलग फोन केला, पोरीला तासभरात तिथनं हलवली. मॅडमनी इचारलं, "त्याला दिसलं कसं?" मी म्हनले, "तिचं पान उघडं ठिवून उठले." लय बोलल्या, मी ऐकून घेतलं. आये, उघडं पान म्हंजे एकच पत्ता. पासवर्ड म्हंजे समदी यादी. चहा उकळंस्तवर त्यानं किती पानं चाळली, कोन जाणं. आनि मॅडमनी पोरगी ज्या घरात न्हेऊन ठिवलीया, त्ये घर बी त्याच यादीत हाय.

पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला. पर त्याच्या डोस्क्यात शिरलंय ते कसं बदलू? आज सकाळी जावंला फोन केला. म्हनली, "पहाटेच गाडी घिऊन गेलाय. कुटं, ते सांगितलं न्हाई."

मॅडमला खरं सांगाय पायजे, आत्ताच्या आत्ता. फोन म्होरंच पडलाय. पर खरं सांगू, तुजी आठवण आली म्हनून हे लिवाय बसले न्हाई. हितं पेन चालतंय, तवर तिकडं बोलाय लागत न्हाई.