मासा आणि झाड काढलेला निळा ड्रम

मी, काकड्या चिमण वरठा, वय सव्वीस, आठवीतून शाळा सोडलेला, राहणार तालुका तलासरी (म्हणजे बहीण नवशीच्या ओसरीवरच्या खाटेवर, नाहीतर डहाणू रोड ते बोर्डी जिथे पाठ टेकेल तिथे), आज दारू न पिता आणि कुणी मानगूट न धरता लिहून ठेवतो की माझं लिव्हर खराब झालं आहे, डोकं नाही. कशाने, ते डॉक्टरने लिहिलेलं नाही. तो फक्त म्हणाला, "वर्षभर धर." याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द. आधीचं एकही नव्हतं, पण तहसीलबाहेरचा टायपिस्ट म्हणाला हे लिहावंच लागतं.

कलम एक. घर, जमीन, सोनं: नाही. ज्यांनी आशा धरली असेल त्यांनी घरी जावं.

कलम दोन. मोटारसायकल माझा दोस्त तुषार याला. मागचा ब्रेक लागत नाही. हे सांगणार नव्हतो, पण तो साक्षीदार आहे, वाचेलच.

कलम तीन. चित्रांची वही. सहा वर्षं मी शैलेश शेठच्या भंगार गोदामातले, कारखान्यांतून आलेले निळे ड्रम पाड्याखालच्या ओहोळात धुतले आणि तुषारच्या टेम्पोतून पाणी भरायला म्हणून गावोगाव विकले. धुण्याआधी वरचं चित्र ब्लेडने सोलायचो आणि वहीत डकवायचो. लाल चौकटीत एक झाड, एक मासा. लग्नात भिंतीवर पिठाने देवाच्या चौकाचं चित्र लिहितात त्यातल्यासारखं. शेठला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "डोळे फुटले काय तुझे? मासा नि झाड. पाण्याला चांगलं म्हणून काढलंय. धू नि आण." मीही गिऱ्हाइकाला तेच सांगायचो. झाडाला पान नाही आणि माशाचं पोट वर आहे, हे मला दिसत होतं. वाटलं, चित्र काढणारा कच्चा आहे.

कलम चार. अंड्यांच्या टरफलांचा डबा. चिखले गावाला माल विकायला गेलो की किनाऱ्यावरच्या एका उंच सुरूवर चढायचो. का, ते विचारू नका, झाड दिसलं की मी चढतो. वर समुद्रगरुडाचं घरटं. तीन वर्षं मादी अंड्यांवर बसली आणि तिच्याच वजनाने अंडी फुटली. चौथ्या वर्षी ती बसलीच नाही. कॉलेजच्या रश्मी मॅडम पक्षी मोजायला आल्या होत्या, त्यांच्या बोटांत टरफल पापडासारखं मोडलं. म्हणाल्या, "हे विष वाहून जात नाही रे. पाण्यात चिमूटभर असतं. शेवाळ ते धरतं, शेवाळ खाणाऱ्या बोय माशाच्या चरबीत मूठभर होतं. असे शेकडो बोय ही खाते, हिच्यात टोपलीभर. जो सगळ्यात वर, त्याच्यात सगळ्यात जास्त."

मी म्हटलं, "मी तर तिच्याही वर चढतो, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. खाडीत पाणी कुठून येतं, विचारलं. मी ओहोळ सांगितला, ड्रम सांगितले नाहीत. आता सांगतो. वही मॅडमना.

टरफलांचा डबा शैलेश शेठला, हातात द्यावा. शेठला खाडीचे मासे आवडतात, दर रविवारी दीड किलो. त्यांनी असेच खात राहावं. ही माझी मनापासूनची इच्छा आहे, कलम म्हणून धरावी.

कलम पाच. ड्रम. नवशीच्या लग्नात मी सगळ्यात चांगला ड्रम दिला. तीनदा साबणाने धुतला. चित्र तिला आवडलं म्हणून सोललं नाही. घरचं पिण्याचं पाणी त्यातच. भाची शितल, वय पाच, तेच पिते. तिचा धाकटा भाऊ नाव ठेवायच्या आधी गेला. का गेला ते कुणी लिहून दिलेलं नाही, मीही लिहीत नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या की आईच्या दुधातूनही उतरतं.

नवशीला ड्रम फोडू म्हणून सांगितलं तर म्हणाली, "लोक बहिणीला सोनं देतात. तू ड्रम दिलास, तोही फोडतोस?"

"विष आहे त्यात."

"मग तेव्हा काय बघून दिलंस?"

मी कुऱ्हाड उचलली, ती ड्रमाला मिठी मारून बसली. म्हणून लिहितो: माझ्या मयताला मडकं आणू नये. मडक्याच्या जागी हाच ड्रम फोडावा. मयताचा विधी ती अर्धा सोडणार नाही.

कलम सहा. वरचं तिला वाचून दाखवलं आणि मीच फसलो. ती म्हणाली, "हे तुझं मडकं ना? मग तू आहेस तोवर मी याला ओरखडा पडू देणार नाय." आता ती ड्रमाला कुंकू लावते आणि शितल त्यातलं पाणी पिते. मी जितके दिवस जगेन तितके दिवस तिने प्यावं, असा कागद मी माझ्याच हाताने केला. आठवीतून सुटलेल्याने कायदा करू नये.

सबब हे मृत्युपत्र मरणानंतर नाही, येत्या अमावास्येच्या सकाळी लागू होईल. पाड्यावरचे मयताचे विधी करणाऱ्या पांड्या बाबांनी तिरडी बांधावी, मी स्वतः तिच्यावर झोपेन. नवशीने ड्रम फोडावा. तुकडे जाळू नयेत, ओहोळात टाकू नयेत, तुषारने शेठच्या गोदामाच्या दारात ओतावेत.

पांड्या बाबा म्हणाले, "जित्याचं मयत केलं तर त्याला घरात परत घेता येत नाय. तिच्या हातची भाकर पण नाय मिळणार, पोरा."

मी म्हटलं, चालेल. काल नवशी म्हणाली, "तू बघत असलास तर मी रडू कशी?"

"डोळे मिटून घेईन."

फुटल्याचा आवाज आला की मी उठेन आणि मागे न बघता रस्त्याला लागेन. कुणी हाक मारू नये. खाट शितलला.

ठिकाण: तलासरी. दिनांक: १२ मार्च २०२६.

लिहून देणार: काकड्या चिमण वरठा (सही)

साक्षीदार: तुषार हिरू भोये (सही. ब्रेकचं वाचलं.)

साक्षीदार: पांड्या बाबा (अंगठा)

वाचून दाखवलं, समजलं: नवशी (अंगठा). शाई पुसताना म्हणाली, "बाजारातून मडकं आणते. तुझ्यासाठी नाय. पाण्याला."