बेचाळिसावा बिल्ला

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! बसने हाडं खिळखिळी केली, पण शेवटच्या वळणावर समुद्र असा काही समोर आला की पिशवी शेजारणीच्या मांडीवर कधी सरकली ते कळलंच नाही. ती हसली म्हणून बरं.

खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून जुना धक्का दिसतो. मालकीणबाई सत्तरीच्या, काटकुळ्या, एकट्या राहतात. नळाला पाणी सकाळी सातला येतं, जिन्याची तिसरी पायरी सैल आहे आणि नवरा चाळीस वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो आलाच नाही, हे तिन्ही त्यांनी एकाच सुरात सांगितलं. मी जिना जपून चढते म्हटलं.

काम मजेचं आहे. गावच्या जुन्या बंदरघरात आता संग्रहालय केलंय, ते आवरायचं आणि पाहुण्यांसाठी ‘काय पाहाल, काय कराल’ असं पत्रक लिहायचं. सत्तावीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात गेली, आवरायला मी कधी कंटाळत नाही.

भाऊ म्हणाला, अख्ख्या जगात समुद्रच सापडला का तुला? त्याचं चुकलं नाही. माझ्या बिट्टीला जाऊन दोन वर्षं झाली. मैत्रिणींबरोबर आमच्याकडच्या समुद्रावर जायला पोरगी कां-कूं करत होती. मीच म्हटलं, जा ग, पाणी काय खातंय का तुला? ती सापडली नाही. निदान सापडली असती तर. उजव्या अंगठ्यावर इस्त्रीने भाजल्याची खूण आहे, हे मी चौकीत इतक्यांदा सांगितलं की तिथला हवालदार मला पाहूनच मान हलवायचा.

असो. रडायला नाही आले इथे.

मंगळवार, ४

आज सगळं गाव पायाखाली घातलं. पत्रकासाठी चार गोष्टी पक्क्या केल्या. एक, तटबंदी, तोफा गंजल्यात पण वारा मस्त. दोन, दगडी पायऱ्यांची गल्ली, एकशे बारा पायऱ्या, मी दोनदा मोजल्या, गुडघ्यांनी एकदाच मोजल्या असं वाटलं. तीन, बंदरघर. चार, ओहोटीची वाट. समुद्र मागे हटला की वाळूतून थेट समोरच्या खडकावर चालत जाता येतं, तिथे पडकं दीपगृह आहे. भरतीची वेळ पाहूनच जा, वाट पाऊण तासात बुडते, असं पत्रकात ठळक टाकायचं आहे.

बंदरघर सांभाळणारे कप्तान मोतीबिंदूसाठी शहरात गेलेत, सोमवारी येतील; काम सगळं फोनवर समजावलंय. किल्ली मालकीणबाईंकडेच ठेवली होती. आत केवढी धूळ! भिंतीवर एक मोठा लाकडी फळा, त्यावर खुंट्यांना नंबर आणि नाव कोरलेले पितळी बिल्ले, एकेचाळीस. एक बाजू पांढरी, तिच्यावर ‘आत’. दुसरी काळी, तिच्यावर ‘बाहेर’. खाली माहिती होती: समुद्रावर जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला काळा करायचा, परतल्यावर पांढरा, ज्याचा त्यानेच. अकरा बिल्ले उलटे, काळ्या बाजूने होते. पाहुण्यांची पोरं खेळली असणार, दुसरं काय. चिंच लावून सगळे घासले आणि सगळे पांढऱ्या बाजूने नीट लावले. जित्याची खोड!

गुरुवार, ६

गावात दहा घरं बंद आहेत. माणसं शहरात गेली किंवा वारली. आज सकाळी पायऱ्यांच्या गल्लीतून येताना एका कुलूपबंद दारासमोर ओल्या पावलांचे ठसे दिसले, अनवाणी. दारापर्यंत आलेले. परत गेलेले नाहीत. ऊन कडक होतं तरी वाळले नव्हते. पुढे आणखी एक दार, तसंच. तिसऱ्या दाराकडे मी पाहिलंच नाही.

घरी आले तर मालकीणबाई गुणगुणत होत्या. टेबलावर चहाचे दोन कप. मला वाटलं दुसरा माझा, म्हणून हात पुढे केला. तर त्या लाजून म्हणाल्या, तुमचा वेगळा करते, हा ह्यांना आहे.

शुक्रवार, ७

म्हातारीला चळ लागला म्हणावं तर तेही नाही. दुपारी पाणी प्यायला खाली गेले. खुर्चीवर एक माणूस पाठमोरा बसला होता. खुर्चीखाली पाण्याचं थारोळं. मालकीणबाई पंच्याने त्याचे केस पुसत होत्या, पुसतच होत्या. म्हणाल्या, बघा ना, वाळतच नाहीत.

तशीच बंदरघरात गेले. मालकीणबाईंच्या नवऱ्याचं नाव सतरा नंबरच्या बिल्ल्यावर कोरलेलं आहे. मी काळ्याचा पांढरा केलेल्या अकरांमधला तो एक.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली. पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी उसळलं. खणात कोरे बिल्ले होते. एकावर खिळ्याने लिहिलं, बिट्टी. फळ्याच्या टोकाला, कपाटाआडच्या मोकळ्या खुंटीवर टांगला, बेचाळिसावा. पांढरी बाजू वर.

माझ्या जागी कोणत्या आईने केलं नसतं?

शनिवार, ८

आली. माझं लेकरू आलं.

दुपारी तीन वाजता, ओहोटीला, धक्क्यावरून चालत. त्या दिवशीचा तोच पिवळा कुर्ता. केसांतून पाणी गळतंय, हात ओढणीत गुंडाळलेले, थंडी वाजते म्हणाली. मी सॉरी म्हटलं, शंभरदा म्हटलं. तिने फक्त विचारलं, आई, मला गाव दाखवशील?

रविवार, ९

तटबंदी दाखवली. पायऱ्या दाखवल्या. मी तोफांची माहिती सांगत होते, ती ऐकत होती. आधी कधी ऐकायची नाही, दोन वाक्यांत ‘पुरे ग आई’ व्हायचं. आज एकदाही म्हणाली नाही. आम्ही गेलो तिथून मांजरं उठून गेली.

काही खात नाही. हात बाहेर काढत नाही. पण माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर आहे. गादी भिजली तर भिजू दे.

सोमवार, १०

मालकीणबाई गेल्या.

मी खिडकीतून पाहिलं. सकाळचे दहा, स्वच्छ ऊन. नवऱ्याचा हात धरून नवरीसारख्या चालल्या होत्या. पाणी गुडघ्यांना, मग कमरेला. मी ओरडले. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या हात सोडवत होत्या —

कप्तान दुपारच्या बसने आले. फळा पाहिला आणि मटकन खालीच बसले. म्हणाले, सगळं सांगितलं तुम्हाला, हे सांगायचं सुचलंच नाही. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही हो. काळा बिल्ला काळाच ठेवायचा. बुडालेले राहायला येत नाहीत, न्यायला येतात. ज्यांची दारं बंद, ते दारात उभेच राहतात बिचारे.

ज्याने फिरवला त्यानेच परत फिरवायचा असतो. माझ्याकडून अकराच्या अकरा काळे करून घेतले. प्रत्येकाचं नाव घेऊन ते माफ करा म्हणत होते. मग म्हणाले, एक बरं झालं, हे निदान इथले होते. इथून न गेलेल्याच्या नावाने बिल्ला लागला तर कोण येईल ह्याचा नेम नाही.

अकराच होते ना, त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

मंगळवार, ११

गल्लीतले ठसे वाळले. दहाही दारं कोरडी. माझ्या खोलीत मात्र पाणी.

दोनदा बंदरघरात गेले. कपाटामागे हात घातला. बिल्ला बोटांना लागला — नाही झालं. एकदा ‘जा’ म्हटलं होतं मी तिला. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने म्हणू?

ती पत्रक वाचत बसलीय. चौथ्या ओळीवर पाणी ठिबकतं. म्हणते, हे राहिलं, आई. उद्या.

बुधवार, १२

खडकावर आहोत. पडक्या दीपगृहाच्या पायरीवर. वही आणली, का कोण जाणे. सवय.

भरती लागली. मला वेळ माहीत होती. मीच तर लिहिली होती.

धक्क्यावर कप्तान. हात हलवतायत. ऐकू येत नाही.

वाट गेली —

तिचे केस इथे येऊन वाळले. पहिल्यांदाच. माझेच ओले आहेत, मी तर पाण्यात उतरलेही नाही —

आता तिने हात बाहेर काढला. चल म्हणते. धरला. गार, घट्ट. अंगठा पाहिला —

खूण नाही.

डावाही पाहिला. नाही. इस्त्रीची खूण — माझ्या बिट्टीच्या — देवा, ही कोण —

सोडत नाही. पाणी पायरीवर. कप्तान, फळ्याच्या टोकाला, कपाटाच्या आड, बेचाळीस — पण तो मीच फिरवायचा —

आई म्हणते. तिच्याच आवाजात. माहीत आहे ही ती नाही, तरी आई म्हटलं की माझा हात —