पहिल्या वर्षीच्या कळ्या

दि. ६ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आमच्या नर्सरीतून लॅव्हेंडरचं बी पाठवतोय. ओल्या वाळूत कालवून सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेव. थंडी लागल्याशिवाय ते जागं होत नाही. मग मातीवर नुसतं भुरभुरून हलकं दाब. पुरू नकोस, त्याला उजेड लागतो. आणि पहिल्या वर्षीच्या कळ्या उडवायच्या म्हणजे उडवायच्या! त्याशिवाय मुळं जोर धरत नाहीत. खरा बहर दुसऱ्या वर्षी.

डॉक्टर हृदयाची झडप बदलायची म्हणतात आणि तू नको म्हणतेस, हे तुझ्या सूनबाईने कळवलं. हट्ट सोड गं.

तुझा लोभ आहेच, रागही चालेल.

धाकटा

दि. १८ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

घोळ केला. शिवणकाम करणारी बाई मी, टोक उघडं कसं ठेवणार? बी चांगलं बोटभर आत घातलं. महिनाभर कुंड्यांत शुकशुकाट! उरलेलं वरवर टाकलं, तर बाविसाव्या दिवशी नऊ कोंब, सुईच्या टोकाएवढे.

ऑपरेशनचं म्हणशील तर चाळीस वर्षं मी टाके घातले, आता मला कुणी घालायचे नाहीत. विषय संपला.

तब्येतीला जप, माझी चिंता करत बसू नकोस.

ताई

दि. २० सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

जिना चढताना तुला दोनदा बसावं लागतं, असं सूनबाई लिहिते. कळ्या आल्या म्हणे. ताई, त्या कापू नकोस. या वर्षीच फुलू देत. वास तरी घेशील.

आशीर्वाद राहू देत.

धाकटा

दि. २८ सप्टेंबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पत्र वाचून असा संताप आला की मशीन अर्ध्यावर सोडून उठले. जानेवारीत ‘उडवायच्या म्हणजे उडवायच्या’ लिहिणारा तू, आता ‘फुलू देत’? म्हणजे पुढच्या वर्षी मी नाही, हे तू धरूनच चाललास. अरे शहाण्या, लहानपणी तुझी लबाडी तोंडावरून कळायची, आता अक्षरावरून कळणार नाही होय?

मग रडले. भीती वाटते रे. चिरफाडीचीही आणि जिन्याचीही.

काल कापडाची मोठी कात्री घेतली आणि नऊही रोपांच्या कळ्या कापल्या. एक ठेवली नाही. बोटांना दिवसभर वास होता. आज दवाखान्यात जाऊन बारा तारीख ठरवून आले. डॉक्टरांना बजावलंय, टाके बारीक हवेत, मला शिवण कळते.

तू राहायला ये. कुंड्यांना पाणी घालायला कुणी तरी हवं, आणि तेही बेतानं.

लोभ असू दे, पुढच्या वर्षीही.

तुझी ताई