लिलीचं आठवं रीळ

११ फेब्रुवारी १९६४, जानेफळ
काल तंबूत सिनेमा. लिली, क्लबात गाणारी. सिगारेट, तिरपी नजर. मध्येच क्लबाच्या शेठला गोळी घालते, का ते कळत नाही. मग सिनेमाचा नायक, इन्स्पेक्टर, तिला मारतो नि एका साध्या मुलीशी लग्न करतो. लिली पडली तेव्हा कनातीअलीकडे आम्ही बायकांनीही टाळ्या पिटल्या. मीसुद्धा.

१४ फेब्रु.
दवाखान्याच्या नर्स कुसुमताई सायकलवरून निघाल्या की टवाळ ओरडतात, "लिली आली बे!" बाई एकटी राहते, बाळंतपणांना अवेळी जाते, एवढं पुरतं. आज सरपंच शाळेत अर्ज घेऊन आले: नर्सबाईंचं वर्तन ठीक नाही, बदली करावी. हेडमास्तरांनी सही केली, मग मी. घंटा झाली होती, नीट वाचलाही नाही.

२३ फेब्रु., रविवार
चिखलीला मावसबहिणीकडे. दुपारच्या खेळाला तोच सिनेमा. आणि हा भाग तर आमच्याकडे नव्हताच! लिली इन्स्पेक्टरकडे जाते, शेठ जबरदस्ती करतो म्हणून रडून सांगते. तो हसतो. वर तिलाच शेठकडे परत धाडतो, कारण त्याला शेठच्या तिजोरीतले कागद हवेत. आणि हा म्हणे नायक! अंगाची लाही लाही झाली.

२४ फेब्रु.
तंबूवाल्याला गाठलं. त्याला काही लपवायचंच नव्हतं. "एकच सिनेमा दोन गावात चालू व्हता, बाई. रीळ संपलं का सायकलनं तिकडून इकडं. आठवं आलंच नाही, सायकल पंक्चर. लोकं बोंबलून राह्यले, म्या नववं लावलं. कोनाले समजलं बी नाही."
खरंच कोणाला समजलं नाही. बाईने खून केला, का केला हे कुणी विचारलंच नाही. आणि रीळ असून तरी काय? सिनेमा लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक होतं, तरी शेवटी मारलं तिलाच. चीड येते. त्याची, माझ्या टाळ्यांची. त्या सहीची तर…

२५ फेब्रु.
कुसुमताईंकडे गेले. विचारलं तेव्हा सांगितलं. सरपंचांचा मेहुणा दवाखान्यात येऊन बसायचा. एकदा हात धरला. त्यांनी सरपंचांकडे तक्रार केली, आणि पंधरा दिवसांत हा अर्ज. म्हणजे आठवं रीळ गावातच होतं.

२७ फेब्रु.
सरपंचांना म्हटलं, माझी सही खोडा. "अर्ज गेला वर. तुमाले काऊन एवढा राग येऊन राह्यला, बाई? सिनेमा पाहून आल्या का भांडाले?" हो, पाहून आले! घरी येऊन दुसरा कागद लिहिला: सही न वाचता केली, ती चूक, आणि मेहुण्याचं सगळं. हेडमास्तर म्हणतात, तुमचीही बदली होईल. होऊ दे.

२ मार्च
उद्या दहाला चावडीवर अर्जाची चौकशी. चौकशीला येणाऱ्या साहेबांचं जेवण सरपंचांकडेच! कागद कुसुमताईंना वाचून दाखवला. वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना. शांतपणे म्हणाल्या, "सिनेमातल्या बाईले पाहून तुम्ही दोन दिवसांत माह्याकडे आल्या. मी त दोन वर्सांपासून शाळेसमोरच राह्यतो, बाई."
मी कागदाची घडी घातली. त्यांनी चहा ठेवला. कागद पिशवीत घातला आहे. पावणेदहाला निघायचं.