रिकाम्या डबीतला गाळ

३ तारीख, सोमवार
पोहोचलो! दोन खोल्या, एक बाल्कनी आणि नळाला चक्क गरम पाणी. बिट्टी सहा वर्षांची झाली, पण माझ्या नोकऱ्यांपायी लेक वाढली ताईकडेच. आम्ही दोघीच एका घरात, ही पहिली वेळ. आल्याआल्या तिने आपली उशी बाहेरच्या खोलीत नेली आणि अनोळखी माणसाजवळ झोपायचं नसतं, असं मावशीने सांगितल्याचं मला ऐकवलं. मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. ती आपणहून माझ्या कुशीत येईल, त्या दिवशी या नोकरीचं सार्थक.

५ तारीख, बुधवार
प्रयोगशाळेतलं काम माझ्या आवडीचं. बोटभर उंचीच्या पातळ डबीत द्रवरूप हायड्रोजन भरतात आणि तिच्यावर कणांचा झोत सोडतात. मेसॉन नावाचे कण जन्मतात आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी मरतात. मागे प्रकाशाचे दोन कण उरतात, त्यांच्यावरून मेलेल्याचं वस्तुमान काढायचं. आलेखावर खरा मेसॉन टेकडीसारखा उठतो. टेकडीखाली प्रकाशकणांच्या भलत्याच जोड्यांचा लांबलचक उतार असतो, त्याला इथे ‘गाळ’ म्हणतात. थोडा गाळ डबीच्या भिंतींचा. म्हणून दर बुधवारी रिकाम्या डबीवर झोत सोडायचा आणि जे दिसेल ते भरल्या डबीतून वजा करायचं. आमच्या प्रमुख मॅडमनी बजावलं की रिकाम्याचा आलेख कुणी बघत बसत नाही, गाळ वजा करायचा असतो, वाचायचा नसतो. डबी सांभाळणारे मेकॅनिककाका म्हणाले, मॅडमनी नवऱ्यालाही असंच न बघता वजा केलंय. सगळे हसले. मॅडमसुद्धा.

१२ तारीख, बुधवार
मी बघितलाच. इतक्या पातळ भिंतींनी फार तर हलका उतार द्यावा. इथे टेकडी आहे, आणि ती कुठल्याच मेसॉनच्या जागी नाही. जुने आलेख काढले. तीन वर्षं ती दर आठवड्याला वाढतेय आणि दर आठवड्याला निमूट वजा होतेय. म्हणजे रिकामी डबी रिकामी नाही.

१४ तारीख, शुक्रवार
डबी उघडायला लावली. आत सायीसारखा पापुद्रा. गुलाबट, ओला, त्यावर बारीक लव. वास ओल्या पट्टीखाली चार दिवस कुजलेल्या बोटाचा. काकांनी खिशातून फडकं काढलं. म्हणाले, तीन वर्षं पुसतोय, कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही. मला त्याची जाडी टेकडीशी जुळते का, ते हवं होतं, आणि हातमोज्यातून जाडी कळत नाही. मी मोजा काढून नखाने खरवडलं. कोमट होतं. आणि ते आक्रसलं.

१७ तारीख, सोमवार
अंगठ्याच्या नखाखाली तोच पापुद्रा. सोलला की सुटतो, सुटताना चिकट तार येते. न्हाणीघरातल्या झाकणाच्या बादलीत टाकते, न बघता. धंद्याची सवय.
शाळेच्या वाटेवर बिट्टीने पहिल्यांदा माझा हात धरायला बोटं पुढे केली. मी हात खिशात घातला. तिचा चेहरा एवढासा झाला.

२० तारीख, गुरुवार
मनगटापर्यंत आलंय. सकाळ-संध्याकाळ सोलते. खाली उरते ती कातडी गुळगुळीत, बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्यात. प्रयोगशाळेच्या दाराचं यंत्र माझा ठसा ओळखेना. जेवण जात नाही, दुधावरची साय न बघता गाळून टाकते. बादली उचलायला गेले. जड लागली.

२२ तारीख, शनिवार
बिट्टी न्हाणीघरात कुणाशी तरी हसत होती. बाहेर आली तर तळवे बुळबुळीत. मी ते घासले— ती रडेपर्यंत घासले. ती म्हणाली, तू नको, ती हवी.
बादलीतलं सगळं दोन पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या गाडीत फेकलं. गाडी गेली, डोळ्यांनी बघितलं.
संध्याकाळी जिन्यावर ओला पट्टा. खालून वर. आमच्या दारापर्यंत.

२३ तारीख, रविवार, दुपार
कोपरापर्यंत. दुसराही हात. पेन निसटतं.
बिट्टी आतल्या खोलीत, माझ्या पलंगावर. आपणहून गेली. झोपली असेल म्हणून मी इथे टेबलाशी—
बोलतेय. आई, तुझा हात आता कित्ती मऊ—
वास इथवर येतोय.
हाक मारली. आतून ओ आली. माझाच आवाज. ओला.
दाराशी आले. वही हातातच. दाराची मूठ फिरत नाही, कातडी घसरते, दाराला चिकटून राहते. फटीतून दिसतंय— बिट्टी तिच्या कुशीत. तिला माझा चेहरा आहे. पूर्ण.
बिट्टीने मला बघितलं. नाक दाबलं.
म्हणतेय, आई, दारात काहीतरी घाण आलंय, ते पुसून—
ती उठतेय. हातात फड