टेकडीखालचा बाक

२ नोव्हेंबर
आलो एकदाचे! अर्धं सामान अजून खोक्यांत आहे, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. पण खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो, म्हणून बाबा जाम खूश. दुपारपासून तिथे खुर्ची टाकून ठाण मांडून बसलेत. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. धाकट्याचा फोन आला, तर त्याला म्हणाले, तुझ्या ताईला हिंडायची नोकरी लागलीय आणि वर नावं ठेवायची मुभा. नावं ठेवणं तर हिला जन्मजात येतं!

काम खरंच तसंच आहे. शहरातल्या मेट्रोने, बसने साध्या प्रवाशासारखं फिरायचं, कुणाला ओळख द्यायची नाही आणि प्रत्येक स्टेशनाला, प्रत्येक मार्गाला दहापैकी गुण द्यायचे. सोबत घरचं म्हातारं माणूस असेल तर उत्तमच, असं साहेब म्हणाले. पायऱ्या कुणाला जड जातात ते कळतं. हे ऐकल्याबरोबर बाबांनी बूट पुसायला काढले.

५ नोव्हेंबर
मंडईच्या स्टेशनाला चार. बाहेर पडायचा बाण सरळ भिंतीकडे नेतो आणि अंध माणसांसाठी बसवलेल्या खडबडीत फरशा नेमक्या खांबाला जाऊन धडकतात. बाबांनी डोळे मिटून चालून बघितलं, मी वेळेवर दंड धरला म्हणून नाक वाचलं. इस्पितळाच्या स्टेशनाला सात. सरकता जिना संथ आहे, बाबांना सोयीचा, पण बायकांच्या स्वच्छतागृहात आरसा नाही. तिथून नदीकाठची बस. ड्रायव्हर असा, की पोटातलं पाणी हलत नाही. त्याला नऊ द्यायला बाबांनीच भाग पाडलं.

चित्रकलेचे मास्तर ते. गाडीत समोर बसलेल्यांचे चेहरे न्याहाळत राहतात. मला म्हणाले, उगाच इतकी वर्षं घरात बसून काढली.

८ नोव्हेंबर
आज टेकडीखालचं स्टेशन. फार खोल, आणि लख्ख. कागदाचा कपटा नाही, पानाची पिंक नाही. फलाटाच्या भिंतीलगत लांबच लांब लाकडी बाक आहे, जुन्या पद्धतीचा, बसून गुळगुळीत झालेला. त्यावर माणसं ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर, पिशव्या पायांशी. बाबांना तिथे बसवून मी जिने आणि पाण्याचे नळ बघून आले. परतले तेव्हा ते एका कोटवाल्या आजोबांशी गप्पा मारत होते. तेवढ्यात गाडी आली, दारं उघडली, मिटली. बाकावरचं कुणीच उठलं नाही.

नंतर बाबा म्हणाले, त्यांची गाडी वेगळी आहे. तिथे रूळच एक आहे, वेगळी कुठून येणार! मी स्टेशनाला नऊ दिले.

११ नोव्हेंबर
साहेबांनी माझा अहवाल वाचता वाचता विचारलं, बाक कुठला? त्या स्टेशनावर बाक नाही. फलाट अरुंद, म्हणून कधी बसवलाच नाही.

त्या दिवशी बाबा बाकावर बसलेले असताना मी फोनवर एक फोटो काढला होता, तो दाखवला. फोटोत बाबा आहेत. पाठ भिंतीला, गुडघे दुमडलेले, हात गुडघ्यांवर. खाली काहीच नाही. नुसती फरशी. शेजारीही कुणी नाही. साहेब आधी हसले, या वयात पाय भलतेच भक्कम आहेत म्हणाले. मग त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि फोन घाईघाईने माझ्या हातात दिला. ते स्टेशन यापुढे वगळलं तरी चालेल म्हणाले. काय दिसलं, ते सांगेनात.

मी फोटो मोठा केला नाही. धीरच झाला नाही.

१४ नोव्हेंबर
दुपारी घरी आले तर बाबा नाहीत. पाय आपोआप टेकडीकडे वळले. ते तिथेच होते. आणि बाक होता! मी हात लावून बघितला. लाकूड. कोमट. माणूस नुकताच उठून गेल्यासारखं.

बाबा मुकाट्याने सोबत आले, पण सरकत्या जिन्यावर सारखे मागे वळून बघत होते.

वर दाराशी झाडणाऱ्या मावशी भेटल्या. त्यांना बाकाबद्दल विचारलं, तर आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, “मी त्या भिंतीकडे बघतच नाही, ताई. झाडते आणि वर येते. माझी थोरली बहीण बसलीय तिथे.”

मी विचारलं, मग तिला वर का आणत नाही?

“आणायला आई गेली होती. आता दोघी आहेत.”

१६ नोव्हेंबर
बाबा जेवत नाहीत. दोन घास खाल्ल्यासारखं करतात आणि दाराकडे बघत बसतात. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, नवी जागा आहे, रुळतील. गुडघे मात्र ठणठणीत आहेत म्हणे.

धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने फोटोचं हसण्यावारी नेलं, पण आवाज उतरला होता त्याचा. रजा मिळाली की येतो म्हणाला.

१७ नोव्हेंबर
सकाळी उठले तर खिडकीतली खुर्ची रिकामी. बाबा स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून बसलेले. हात गुडघ्यांवर.

खाली काही नव्हतं. मी वाकून, हात फिरवून बघितलं. काहीच नव्हतं —

खांद्याला धरून उठवलं तर उठले. पाय थरथरतसुद्धा नव्हते.

१८ नोव्हेंबर
चहा दिला. कप दोन्ही हातांत धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, अगदी अदबीने. म्हणाले, “आपण कुठे उतरणार?”

जन्मात मला कधी ‘आपण’ म्हणाले नाहीत.

मोरीत नळ सोडून रडले.

१९ नोव्हेंबर
दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. कामावर गेले नाही. धाकटा उद्या पोचतोय. एवढा एक दिवस निभावला पाहिजे.

भर दुपारी डोळा लागला. किल्ली कमरेलाच होती. दार सताड उघडं.

१९, टेकडीखाली
बाक भरलाय. मागच्यापेक्षा माणसं जास्त. बाबा टोकाला, कोटवाल्याच्या शेजारी. हाताला धरून ओढलं, तर ते वाकले आणि त्यांच्याबरोबर अख्खी रांग वाकली. सोडलं, तर सगळे परत ताठ.

समोर उभी आहे. त्यांना सोडून कशी जाऊ. लोक गाडीतून उतरतात, समोरून जातात. हाका मारल्या, कुणी बघत नाही. पायांत गोळे आलेत.

आत्ताच बाबा कोटवाल्याकडे वळून म्हणाले, “जरा सरकता का? माझी मुलगी उभी आहे.”

माझी मुलगी म्हणाले. ओळखलं मला!

सगळे सरकले.

घटकाभरच बसेन. त्यांचा हात धरून —

तारीख माहीत नाही
बाबा खांद्यावर डोकं टेकून आहेत. बोलत नाहीत. भूक नाही. उठायचं आहे. उठायचं ठरवते आणि — पाय आहेत, पण —

मावशी झाडत गेल्या. तोंड फिरवून. पदर तोंडात धरला होता.

त्यानंतर
फोन वाजत होता. हात गुडघ्यांवरून निघत नाही. लिहिण्यापुरताच निघतो, तोही —

धाकटा! जिन्यावर. पाठीवर बॅग, घामाघूम. माझं नाव घेत फलाटभर फिरतोय. इकडे बघू नकोस. बाळा, वर जा, बघू नकोस —

दिसले त्याला. हसला. पळत येतोय.

ओरडायचंय. तोंडातून निघतंय ते — दमलास रे, उभा का —

बाबा सरकले. कोटवाले सरकले. मी नाही सरकणार. नाही सरकणार मी. नाही सर